कोयत्याला गेलेलं गाव

डिसेंबर-जानेवारीत मराठवाड्यातल्या खेड्यांतून हिंडलं, तर कुठल्या ना कुठल्या शाळेवर ‘विशेष श्रमसंस्कार शिबिर’ असा फलक दिसतोच. राष्ट्रीय सेवा योजनेची पोरं सात दिवसांच्या मुक्कामाला आलेली असतात. सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री पथनाट्य. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घातला जातो. हाताला फोड येतात, फोटो झकास येतात.

कल्पना जुनी आहे. कॉलेजात शिरण्याआधी तरुणांनी काही महिने सक्तीची सेवा करावी, असं चिंतामणराव देशमुखांच्या समितीनं सुचवलं होतं. समिती 1959 सालची. ते घोडं पैशापाशी अडलं. पुढे गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांतल्या 40 हजार विद्यार्थ्यांना घेऊन सध्याची योजना सुरू झाली, तीही ऐच्छिक. दोन वर्षांत 240 तास आणि एक शिबिर भरलं की प्रमाणपत्र हातात.

तासांचा हिशोब चोख असतो. गडबड होते ती शिबिरातल्या घरोघरच्या सर्वेक्षणात.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या गावात शिबिर पोचतं, तेव्हा निम्म्या दारांना कुलपं असतात. दसरा-दिवाळी उरकून टोळ्या ट्रॅक्टरनं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात गेलेल्या. फॉर्मवर ‘घर बंद’ लिहून पोरं पुढच्या दाराशी जातात. म्हणजे ज्यांची गरिबी समजून घ्यायची, नेमकी तीच माणसं यादीतून गळतात!

एखाद्या ओट्यावर म्हातारी भेटते, नातवंडांना राखत बसलेली. मुलगा-सून कुठे आहेत? “कोयत्याला गेलेत.” तिकडे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, एकटा माणूस अर्धा कोयता. वर्षाला मिळतं किती, असं विचारलं की म्हातारी उचलीचा आकडा सांगते आणि स्वयंसेवक तो ‘उत्पन्न’ या रकान्यात भरून मोकळा होतो. पण उचल म्हणजे मुकादमानं हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम. ती मोळ्या तोडूनच फेडायची. तापानं एक दिवस कोपीत पडून राहिलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. फिटलं नाही तर बाकी पुढच्या हंगामावर.

हे शिकवायला बाहेरून तज्ज्ञ आणायची गरज नाही. बीडच्या कॉलेजांतल्या कित्येक स्वयंसेवकांचे आईबाप त्याच घटकेला कुठल्यातरी फडात वाकलेले असतात. शिबिरात ही पोरं घमेली उचलतात, पोहे करतात, झेंड्याला सलाम करतात. दुपारच्या बौद्धिकाला मात्र पाहुणा शहरातून येतो आणि ‘ग्रामीण दारिद्र्य’ या विषयावर तासभर बोलतो. त्यांच्यातल्या एकालाही माइकपाशी बोलावून, बाबा रे, तुझ्या घरची उचल किती आणि ती कशी फिटते, असं विचारण्याचं सहसा कुणाला सुचत नाही. शरमेनं तीही गप्प राहतात.

टोळ्या परततात पाडव्याच्या मागेपुढे. तोवर बंधाऱ्यातलं पाणी बहुधा आटलेलं असतं.