आकाशगंगेच्या मध्याची कुजबुज

श्रोतेहो, जूनच्या मध्यावर, आभाळ मोकळे असेल तर, औंढा नागनाथच्या शिवारात मध्यरात्री दक्षिणेकडे पाहा. क्षितिज आणि डोक्यावरचे आकाश यांच्या साधारण मध्यावर धनू रास दिसेल. आपल्या आकाशगंगेचा मध्य त्याच दिशेला, सुमारे २७ हजार प्रकाशवर्षे दूर आहे.

तो डोळ्यांना दिसत नाही. वाटेतल्या धुळीच्या दाट ढगांत प्रकाश अडतो. रेडिओ लहरी मात्र आरपार येतात. आपल्या पावसाळी ढगांनाही त्या जुमानत नाहीत. १९३०च्या दशकात अमेरिकेत कार्ल जान्स्की रेडिओ-दूरध्वनीतील खरखरीचे कारण शोधत होते. त्यातली एक खरखर याच दिशेने येत होती! पुढे १९७४ मध्ये ब्रूस बालिक आणि रॉबर्ट ब्राउन यांना तेथे एक अगदी लहानसा रेडिओ स्रोत सापडला. तेथे सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. त्याचे पहिले रेडिओ चित्र २०२२ मध्ये जाहीर झाले.

या अभ्यासात महाराष्ट्रातील दुर्बिणीचाही वाटा आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने नारायणगावजवळ खोडदला 'जीएमआरटी' उभी राहिली. तिच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. कमी कंप्रतेच्या लहरी भोवतालच्या तप्त वायूत शोषल्या जाऊन हा स्रोत झाकला जाईल, असा अंदाज होता. सुभाशिष रॉय आणि प्रमेश राव यांनी तो सुमारे ६०० मेगाहर्ट्झला टिपला व २००४ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे तो बहुधा त्या वायूच्या अलीकडे, आपल्या बाजूला असावा.

इतका क्षीण संकेत एखादा मोबाइल सहज बुडवू शकतो. म्हणून खोडदला रेडिओ लहरींची शांतता हवी.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढ्याजवळ, 'लायगो-इंडिया'ला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. ती रेडिओ दुर्बीण नव्हे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांत लेसर सोडून दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीतून उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी ती टिपणार आहे. तिला शांतता हवी ती जमिनीची. सुरुंगाचा स्फोट किंवा अवजड वाहनांची वर्दळ तिला बाधते.

या शांततेची किंमत भोवतालची गावे मोजतात. मग ती कशासाठी, हे त्यांना त्यांच्या भाषेत कळायला नको का? खोडदला विज्ञान दिनानिमित्त प्रदर्शन भरते, आसपासच्या शाळांतली मुले येतात. औंढ्याच्या मुलांनाही ते दार उघडे मिळावे. पहारेकऱ्याने सांगितले म्हणून राखलेली शांतता फार दिवस टिकत नाही. समजून घेऊन राखलेली टिकते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)