लाल डावीकडे, पिवळा उजवीकडे
(रस्ता सुरक्षा सप्ताहानिमित्त संस्थेच्या गच्चीवर केलेले भाषण)



एस.टी.त ड्रायव्हर म्हणून माझी 31 वर्षं गेली, त्यातली बरीचशी कोकणच्या रातराणीवर. म्हणून कमिटीने आज माझ्या हातात माईक दिला. आपल्या लालबागेत गणपतीला गावी न जाणारं घर शोधावं लागतं. पूर्वी सगळे लाल डब्याने जायचे. आता पोरं दिवसभर ड्युटी करून रात्री दहाला स्वतःची गाडी काढतात. वर पाऊस, समोरून डोळ्यांवर लाइट. अशा वेळी हाताशी राहते ती फक्त रस्त्याची कडा.

मघाशी दिवे घालवून मी सायकलचा रिफ्लेक्टर दाखवला. बॅटरी डोळ्याजवळ धरली तेव्हा तो लालभडक पेटला, बाजूला उभ्या असलेल्यांना मात्र काहीच दिसलं नाही. रिफ्लेक्टर उजेड आला तिकडेच परत पाठवतो. रस्त्यात ठोकलेले कॅट्स आय हेच करतात. ते प्रथम 1934 साली इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या पर्सी शॉ यांनी पेटंट केले.

आपल्याकडे त्यांचे रंग ठरलेले आहेत. डाव्या कडेला लाल, उजवीकडे दुभाजकाच्या बाजूला पिवळे, लेनच्या मध्ये पांढरे. लाल ठिपके बॉनेटच्या खाली यायला लागले की समजा, गाडी कडेवर गेली. बरेच ठिकाणी ते उखडलेले असतात, हेही खरं. मग डावीकडची पांढरी सलग पट्टी धरायची. त्या रंगात काचेचे बारीक मणी असतात, म्हणून ती चमकते. पण वर पाण्याचा थर आला की मणी आंधळे होतात. पट्टी दिसेनाशी झाली म्हणजे वेग कमी करायची वेळ झाली. ताशी 60 ला गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते, विसरू नका.

समोरच्याने अप्पर मारला तर त्याच्या दिव्याकडे बघायचं नाही, नजर डाव्या पट्टीवर. आणि आपणही रागाने अप्पर मारायचा नाही, दोघे आंधळे होऊन काय मिळणार!

सगळ्यात फसवी गोष्ट साइडपट्टीची. डांबर आणि माती यांच्यात कधी कधी वीतभर खाच असते. डावं चाक खाली उतरलं की माणूस घाबरून स्टिअरिंग उजवीकडे ओढतो, चाक एकदम वर चढतं आणि गाडी समोरच्याच्या अंगावर जाते. चाक उतरलं तर उतरू द्या. स्टिअरिंग सरळ, ॲक्सिलरेटर सोडा, गाडी मंदावली की हळूच वर घ्या.

त्यासाठी घाटातच जायला हवं असं नाही. हिंदमाताला पाणी भरलं की पिवळ्या-काळ्या दगडांचा कठडा हीच कडा. तोही बुडाला, तर गाडी घालू नका आणि पायीही उतरू नका. 29 ऑगस्ट 2017 ला एल्फिन्स्टनजवळ डॉ. दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये गेले. आपल्यापासून किती लांब आहे ते?

आता कडेला उभ्या ट्रकविषयी. ट्रकला मागे लाल, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी चमकती पट्टी असते. चिखलाने ती झाकली की भिंतच उभी. म्हणून पुढे काळोखाचा चौकोन दिसला तर ट्रक आहे असंच धरून चाला. आपल्या गाडीचे मागचे रिफ्लेक्टरही चहाला थांबाल तेव्हा फडक्याने पुसा.

गाडी बंद पडलीच तर पांढऱ्या पट्टीच्या पूर्ण बाहेर घ्या, चारही इंडिकेटर लावा. लाल त्रिकोण डिकीत मोदकांच्या डब्याखाली ठेवू नका, हाताला लागेल असा ठेवा. तो चांगला साठ-सत्तर पावलं मागे लावा. वळण असेल तर वळणाच्याही अलीकडे. आणि मेकॅनिक येईपर्यंत म्हातारी माणसं, झोपलेली मुलं, सगळ्यांना डाव्या दाराने उतरवून कठड्यापलीकडे उभं करा. पाऊस असला तरी. छत्र्या असतातच गाडीत.