दाराची मूठ आणि रोगजंतू



रुग्णालयातील दाराची मूठ दिवसभरात कितीतरी हातांत येते. रोगी, परिचारिका, भेटीस आलेले आप्त, सर्वांचा स्पर्श तिला होतो. एकाने ठेवलेले रोगजंतू दुसरा नकळत उचलून नेतो.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, एका रुग्णालयात सफाईकाम शिकणाऱ्या उमेदवारांना फिलिस कून ह्या विदुषींनी हे प्रयोगाने पटवून दिले. त्याचा वृत्तान्त १९८३ साली प्रसिद्ध झाला. उमेदवारांनी दारांच्या मुठींवरील जंतू घेऊन ते वाढवून पाहिले. न गंजणाऱ्या, चकचकीत पोलादी मुठींवरून भरपूर जंतू निघाले. पितळी मुठींवरून फारच थोडे. पुढे धातूंच्या पट्ट्यांवर जंतू लावून परीक्षा झाली. पितळ ७ तासांच्या आत जंतुमुक्त झाले. नुकतेच घासलेले पितळ तर १ तासात. पोलादावर मात्र बहुतेक जंतू ३ आठवड्यांनंतरही जिवंत होते.

डोळ्यांना स्वच्छ दिसते ते स्वच्छ असतेच असे नाही, हा ह्यातील बोध. पितळेतील तांबे जंतूंना मारते खरे. पण एक हात निघून दुसरा पडण्यास क्षणही पुरतो. म्हणून मूठ कोणत्याही धातूची असो, ती जंतुनाशकाने वारंवार पुसणे आणि हात साबणाने धुणे, ह्यांस पर्याय नाही.

हे मुलांस सांगण्यापेक्षा दाखवावे. शाळेच्या कडीला रंगीत खडूची पूड लावावी आणि मधल्या सुट्टीनंतर सर्वांचे तळहात पाहावेत. ज्या मुलाने तो रंग आपल्या बोटांवर पाहिला, ते दवाखान्यात आजीच्या खाटेजवळ जाण्यापूर्वी हात धुतल्याशिवाय राहणार नाही.