कळफलक बिघडला, तर…
(ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेले भाषण)



दप्तरातील एक अक्षर चुकले, तर त्याची किंमत लिहिणाऱ्याला नव्हे, खातेदाराला मोजावी लागते. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ साली प्रमाणित केलेल्या ‘इनस्क्रिप्ट’ कळफलकात काना इंग्रजी ‘ई’च्या कळीवर आणि हलन्त ‘डी’च्या कळीवर आहे. पहिली कळ निकामी झाली, की ‘पाटील’चे ‘पटील’ होते. दुसरी गेली, की ‘कुलकर्णी’चे ‘कुलकरणी’. दाखल्यावरचे नाव आधारपत्राशी जुळत नाही आणि गरजवंताच्या नशिबी हेलपाटे येतात.

कळफलक चालेनासा झाला, की नवा मागविण्याची घाई होते. पण प्रत्येक वेळी दोष कळींचाच असतो असे नाही. प्रथम लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करावा. भाषेची निवड बदललेली नाही ना, हे पाहावे. काही लॅपटॉपवर ‘नमलॉक’ चालू राहिल्यास अक्षरांऐवजी आकडे उमटतात. विंडोज प्रणालीत उजवी ‘शिफ्ट’ आठ सेकंद दाबली गेल्यास ‘फिल्टर कीज’ ही सोय सुरू होऊ शकते आणि कळी मंद झाल्यासारख्या वाटतात. हे दोष विनाखर्च दूर होतात.

त्यानंतर यूएसबीचा बाहेरचा कळफलक जोडून पाहावा. तो नीट चालला आणि मूळ कळफलक मात्र यंत्र सुरू होतानाच्या ‘बायोस’ पडद्यावरही चालला नाही, तर दोष बहुधा यंत्रभागातच आहे असे समजावे. दुरुस्ती होईपर्यंत त्याच बाहेरच्या कळफलकावर काम चालू ठेवावे. जनतेची कामे अडवू नयेत.

चहा सांडल्यास यंत्र तत्काळ बंद करून चार्जर काढावा आणि यंत्र पालथे धरावे. आत काय झाले हे जाणकाराने पाहेपर्यंत ते सुरू करू नये. कळफलक मधोमध वर आलेला दिसला, तर बॅटरी फुगलेली असण्याचा संभव असतो. अशा वेळी तो दाबून बसविण्याचा प्रयत्न करू नये, वापर थांबवावा.

कळफलक बदलण्यापूर्वी हमीची मुदत पाहावी. यंत्राच्या तळावरील मॉडेल क्रमांकाशी जुळणाराच भाग मागवावा. काही यंत्रांत कळफलक स्क्रूने बसविलेला असतो. काहींत तो वरच्या आवरणाला पक्का जोडलेला असल्याने संपूर्ण आवरण बदलावे लागते व खर्च वाढतो. काम जाणकाराकडूनच करवून घ्यावे. आधी बॅटरीची जोडणी सोडवावी. कळफलकाची पातळ फीत ओढून न काढता तिची खिटी हलकेच उघडावी. बदललेल्या भागाची नोंद जडसंग्रह नोंदवहीत करावी.

नवा कळफलक बसला, की काम संपले असे मात्र नव्हे. प्रत्येक अक्षर, काना, मात्रा व जोडाक्षर उमटवून पाहावे आणि बिघाडाच्या काळात दिलेले दाखले पुन्हा तपासावेत. कळ बदलता येते. चुकीच्या नावाने गेलेला दाखला मात्र शोधून दुरुस्त करावा लागतो.