चिंचोक्यांचा व्यापार
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. भाषणाची सवय नाही, तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्या. माझा विषय खेळाचा आहे, पण पोरांच्या खेळाचा नव्हे.

दोन वर्षांमागे मी सोडे विकायला सुरुवात केली. कोळंबी आणावी, सोलावी, मीठ लावून वाळवावी, हे आईच्या हाताखाली शिकले होते. हिशेब कोणी शिकवला नव्हता. वाळल्यावर वजन किती उतरते हे ठाऊक असूनही भाव ठरवला तो ओल्या मालाकडे पाहून. वर व्यापाऱ्याला उधार दिले. हातची पाटली गहाण पडली. घरात कोणी काही बोलले नाही, तेच जास्त लागले.

पुढे बचत गटाच्या शिबिरात एका ताईंनी जमिनीवर खडूने बारा महिन्यांची घरे आखली. पैशांच्या जागी चिंचोके, फाशांच्या जागी कवड्या. एका घरात अवकाळी पाऊस, वाळवण भिजले. एका घरात उधारी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या बंद, म्हणून माल नाही. जाऊबाई हसल्या, "या वयात सारीपाट?" मी तीनदा बुडाले. तिसऱ्यांदा ध्यानात आले, की मीठ, बर्फ, टेंपोचे भाडे आणि माझी स्वतःची मजुरी मी भावात धरतच नव्हते. या वेळी नुकसान झाले ते चिंचोक्यांचे.

आपल्या न्हावा-शेव्याचे बंदर 1989 साली सुरू झाले. अशा मोठ्या बंदरांत क्रेन चालवायला शिकणाऱ्याला आधी पडद्यावरच्या खोट्या क्रेनवर बसवतात. तिथे चूक झाली तरी माणूस दगावत नाही. ते यंत्र महाग, आपल्याला खडू पुरतो. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र काढले. तिथे त्यांनी आणि अनुताई वाघांनी महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने वापरली आणि बालवाडी चालवणाऱ्या बाया त्यावरच तयार केल्या.

खेळात एक उणीव होती. घरच्या आजारपणाचे घरच नव्हते! कोणी पुरुषाने आखला असावा. आम्ही ते घातले: सासूबाई अंथरुणाला, आठ दिवस काम बंद. मग जाऊबाईही हसेनाशा झाल्या.

पाटली गेल्या मार्गशीर्षात सुटली. व्यापाऱ्याला माल आता रोखीनेच देते. तो पट मी जुन्या चादरीवर रंगवून आणला आहे. चहा झाला की पसरू. कवड्या माझ्याजवळ आहेत. चिंचोके मात्र वाटून घ्यावे लागतील.