न दिसणारं अक्षर आणि काकांचं आडनाव

आज विषय एक्सएमएल. थांबा, लगेच स्किप करू नका.

दिवाळीत कळमनुरीला घरी होतो. शेजारचे काका एक छापील कागद घेऊन आले. "बाळा, तू कम्प्युटरवाला ना? बघ, आमच्या आडनावाचं काय केलंय. नाव जुळत नाही म्हणून दोनदा फॉर्म परत आला." आडनाव कऱ्हाळे, आमच्या हिंगोलीकडं नेहमीचं. कागदावर ‘कर्हाळे’. ‘हा’च्या डोक्यावर रफार.

मी गपच झालो. असलीच चूक मी ऑफिसात केली होती.

काय आहे, ‘ऱ्हा’, ‘ऱ्या’ मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ, नंबर २३५३, आणि हलंत. दुसरा, साधा र, हलंत आणि मागे झिरो विड्थ जॉइनर, नंबर ८२०५. हा जॉइनर दिसतच नाही. स्क्रीनवर दोन्ही नावं सारखी, पण मशीनसाठी वेगळी. लेस दॅन किंवा अँपरसँड चुकला तर पार्सर लगेच ओरडतो. जॉइनर गेला तर कुणी हूं की चूं करत नाही.

मी रूपांतराआधी ‘न दिसणारी अक्षरं काढा’ अशी एक ओळ टाकली होती, नेटवरून उचललेली. तिनं ‘दऱ्या’चा ‘दर्या’ केला. डोंगरातून थेट समुद्रात! टेस्ट सगळ्या पास, कारण टेस्टचा डेटा इंग्रजी.

उपाय असा: सफाईच्या आधी र, हलंत, जॉइनर या तिघांच्या जागी ऱ आणि हलंत ठेवायचं. एनएफसी नॉर्मलायझेशन हे करून देत नाही. त्यात माझा अर्धा दिवस गेला. एक्सएसएलटी १.० मधलं ट्रान्सलेट सुटं एकेक अक्षर बदलतं, तिघांची साखळी त्याला कळत नाही. २.० असेल तर रिप्लेस वापरा. आणि जॉइनर कोडमध्ये थेट पेस्ट करू नका, पुढच्याला दिसणार नाही. अँपरसँड, हॅश, ८२०५, सेमीकोलन असं लिहा. आकडे मात्र इंग्रजी.

काकांना यातलं काही सांगितलं नाही. पेनानं अर्ज लिहून दिला, सोबत जुन्या रेशनकार्डाची झेरॉक्स जोडली. उत्तर अजून आलेलं नाही.