अर्धशिशी: शमन व प्रतिबंध

“डोकें दुखतें ना? मग एक गोळी घे आणि स्वस्थ पड.” अर्धशिशीनें हैराण झालेल्या माणसाला घरोघर हाच सल्ला मिळतो. सल्ला मायेचा खरा. परंतु तोच रोज पाळला गेला तर रोग हटण्याऐवजीं बळावतो. हें कसें घडतें, तें जाणून घेणें श्रोत्यांच्या हिताचें आहे.

आयुर्वेदानें जिला ‘अर्धावभेदक’ म्हटलें, ती अर्धशिशी नुसती डोकेदुखी नव्हे. ठणका बहुधा एका बाजूस असतो. मळमळतें, उजेड व आवाज सोसवत नाहीं. उपचार न केल्यास हा त्रास ४ पासून ७२ तासांपर्यंत टिकतो. हा मेंदूचा व मज्जातंतूंचा विकार आहे. कामाची टाळाटाळ करण्याचें सोंग नव्हे.

यावरील औषधें दोन जातींचीं आहेत. पहिलीं, उठलेला ठणका शमविणारीं: पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन हीं साधीं वेदनाशामकें, आणि तेवढ्यानें न भागल्यास ट्रिप्टान वर्गांतील औषधें. त्यांतलें पहिलें, सुमाट्रिप्टान, १९९१ सालीं बाजारांत आलें. ठणका सुरू होतांच घेतल्यास यांचा गुण चांगला येतो. मात्र हृदयविकार असलेल्यांना किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना ट्रिप्टान वर्ज्य होय.

दुसरीं औषधें प्रतिबंधक: प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट इत्यादि. हीं डोकें दुखत नसतांनाही रोज घ्यावयाचीं असतात, आणि त्यांचा गुण पारखण्यास दोन-तीन महिने लागतात. चार दिवसांत फरक पडला नाहीं म्हणून तीं सोडूं नयेत. टोपिरामेट गर्भास अपायकारक असल्यानें गर्भवतीनें व गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीनें डॉक्टरांना तसें आधींच सांगावें. २०१८ पासून टोचून घ्यावयाचीं नवीं प्रतिबंधक औषधेंही निघालीं आहेत. पण तीं महाग आहेत.

फसगत होते ती येथें. महिन्यांतून १५ किंवा अधिक दिवस साधीं वेदनाशामकें, अथवा १० किंवा अधिक दिवस ट्रिप्टान, असें कांहीं महिने चाललें म्हणजे औषधच दुखण्याचें कारण होऊं शकतें. गोळीचा अंमल उतरतो, डोकें उठतें, आणि हात पुन्हां गोळीकडे जातो. अशा वेळीं आणखी जालीम गोळी शोधूं नये. प्रतिबंधक उपचाराविषयीं डॉक्टरांशीं बोलावें.

त्यासाठीं एक वही पुरे. डोकें कोणत्या दिवशीं दुखलें, किती वेळ, गोळ्या किती घेतल्या, झोप व जेवण वेळेवर झालें कीं नाहीं, एवढें तींत टिपावें.

मात्र डोकें एकाएकीं असह्य दुखूं लागलें, बोलणें अडखळलें, हातपाय लुळे पडले, अथवा तापाबरोबर मान ताठली, तर तत्काळ रुग्णालय गांठावें. एरवीं घरच्यांनीं गोळी पुढें करण्याआधीं ती वही उघडून पाहावी.